१८ ऑगस्ट की २२ जानेवारी? विजयदुर्गचा हेलियम दिन आणि आपल्या किनाऱ्याचे अनोळखी दिवस

खाडीपल्याड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. व्हरांड्यातल्या फळ्यावर मुलं दर महिन्याला भित्तिपत्रक लावतात. या वेळचा विषय त्यांनीच निवडला, 'आपल्या किनाऱ्याचे वेगळे दिवस'. गणपती, शिमगा, दिवाळी सगळ्यांना ठाऊक आहेत. ते सोडून, कॅलेंडरवर सहसा न छापलेले, पण मागे काहीतरी गोष्ट असलेले दिवस हवेत.

घरच्यांच्या मोबाइलवरून मुलांनी बरंच गोळा करून आणलं. २ सप्टेंबर, जागतिक नारळ दिन. १९ सप्टेंबर, समुद्री चाच्यांसारखं बोलायचा दिवस. हा तर वर्गाला भलताच आवडलाय. त्यावरून एकाने विचारलं, "बाई, मग आपले आंग्रे पण चाचेच ना? इंग्रज तसंच म्हणायचे, असं यात लिहिलंय." मी त्याला दोन दिवस थांब म्हटलंय, कारण घाईघाईत अर्धवट उत्तर द्यायचं नव्हतं.

आणि १८ ऑगस्ट, हेलियम दिन. खाली मजकूर असा : 'याच दिवशी १८६८ साली नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला.' वाघोटन खाडी ओलांडली की विजयदुर्ग. एवढी मोठी गोष्ट शेजारी घडलेली म्हणून मुलं हरखून गेली आहेत. पण दुसऱ्या एका मुलीने आणलेल्या कागदावर तोच शोध जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसाने आंध्रातल्या गुंटूरला लावला असं आहे. फळ्यावर दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले तर मुलं विचारणारच.

जाणकारांनी सांगावं, यातलं खरं काय? आणि तुमच्या गावाकडे असा एखादा दिवस असेल तर तोही लिहा. मुलांना मी इथले प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

गिर्येकर

ताई, तुमच्या मुलांनी थेट आमच्या दारातला दिवस उचललाय, म्हणून सविस्तर लिहितो. गाव गिर्ये, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. या विषयावर माझा जीव आहे.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, हे खरं. खग्रासाचा पट्टा आपला किनारा ओलांडून जमखिंडी, विजापूर, गुंटूर करत मच्छलीपट्टणकडे गेला, हेही खरं. पण त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गावर नव्हता. तो हिंदुस्थानातच नव्हता, लंडनमध्ये होता.

मुलांना पंचांगाच्या वाटेने सांगा, चटकन पटेल. ग्रहण म्हणजे अमावस्या. ही श्रावणातली, पिठोरी. चार दिवसांनी गणपती बसणार. त्या दिवसांत आपल्याकडे सकाळी आभाळ कसं असतं हे कोकणातल्या पोराला सांगायला नको. दूरदेशाहून दुर्बिणी आणणाऱ्या माणसाने आपल्या किनाऱ्यावर बसायचं म्हणजे ढग बघत बसायचं. जमखिंडीला लेफ्टनंट हर्शेल होता, प्रसिद्ध हर्शेल घराण्यातला. घाटमाथ्याच्या इतक्या आत बसूनही त्याला ढगांच्या फटींतूनच ग्रहण पाहावं लागलं. पिएर जान्सेन पूर्वेला गुंटूरला बसला होता. त्याला ग्रहण चांगलं मिळालं.

जान्सेनने काय केलं? खग्रास झाल्यावर सूर्याच्या कडेला तांबूस ज्वाळा दिसतात. त्यांचा प्रकाश त्याने वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भर उन्हात त्याने यंत्र सूर्याच्या कडेवर लावलं, आणि त्या दिसल्या! तोवर या ज्वाळा पाहायच्या तर पुढच्या ग्रहणापर्यंत थांबावं लागे. माझ्या मते गुंटूरचा खरा शोध हाच, आणि तो १९ ऑगस्टचा आहे.

लॉकियर लंडनच्या युद्ध खात्यात कारकून. नोकरी सांभाळून सूर्याचा अभ्यास करायचा. जान्सेनला जे सुचलं तेच त्यालाही आधी सुचलं होतं, पण बनवायला दिलेलं यंत्र हातात यायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहणाविना त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. फ्रेंच सरकारने पुढे १८७२ मध्ये दोघांचे चेहरे कोरलेलं एकच पदक काढलं. भांडण नाही, तंटा नाही, दोघांनाही मान. हे मुलांना जरूर सांगा.

आता हेलियम कुठे आलं? त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी एकाहून अधिक निरीक्षकांना ती दिसली, आणि बहुतेकांनी ती सोडियमची धरली. त्यात त्यांचा दोष नाही. सोडियमची जोडरेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ही ५८७.५ ला, म्हणजे अगदी खेटून. लॉकियरने मोजून सांगितलं की ती सोडियमच्या जागेवर नाही. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञाबरोबर प्रयोगशाळेत पडताळा घेऊनही ओळखीचं कुठलं मूलद्रव्य जुळेना. हा पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ असावा, असं त्याने धरलं. अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत नेमकी तीच रेषा सापडली, तेव्हा कुठे विषय मिटला. आधी सूर्यावर सापडलेलं आणि २७ वर्षांनी जमिनीवर मिळालेलं मूलद्रव्य! आज एमआरआय यंत्रातलं चुंबक उणे २६९ अंशांवर गार ठेवायला तेच लागतं.

मग विजयदुर्गाचं काय? विजयदुर्गाचं नातं पक्कं आहे, फक्त तारीख वेगळी. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण झालं आणि त्या वेळी लॉकियर खरोखर विजयदुर्गाला आला. जानेवारी महिना, कोरडी हवा, स्वच्छ आकाश, भर दुपारचं ग्रहण. 'मेल्पोमिनी' नावाची ब्रिटिश युद्धनौका दिमतीला होती. तिच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना त्याने आधी शिकवून तयार केलं : कुणी घड्याळाचे सेकंद पुकारायचे, कुणी काच बदलायची, कुणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं. खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं, तेव्हा हात अडखळला की संपलं. प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपटाचे फोटो घेतले आणि त्यावरचा मोठा शोधनिबंध विजयदुर्गाच्या नावानेच लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याच दिवशी सोलापूरकडे जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आपली दुर्बीण लावून बसले होते. आपल्या माणसाचं हे नाव फळ्यावर हवंच.

किल्ल्यात ज्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात ते चौथरे आजही आहेत. लोकांच्या आठवणीतला साहेब खराच, साल तेवढं तीस वर्षं मागे सरकलं. १८ ऑगस्टला आमच्याकडे हेलियम दिन साजरा होतो, शाळांची मुलं किल्ल्यावर येतात, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण माझं म्हणणं एवढंच, की मुलांना दोन्ही तारखा द्या. १८ ऑगस्टच्या चिठ्ठीवर गुंटूर आणि लंडन लिहा, २२ जानेवारीच्या चिठ्ठीवर विजयदुर्ग लिहा. विजयदुर्गाला उसनं श्रेय कशाला हवं? दोन मिनिटांच्या ग्रहणासाठी जगातला एक मोठा सूर्यशास्त्रज्ञ मुद्दाम आपल्या बंदरात उतरला, ही गोष्ट स्वतःच्या पायावर उभी आहे. आणि २२ जानेवारीकडे कुणाचं लक्ष नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आंग्र्यांविषयी. १९ सप्टेंबरचा तो दिवस अमेरिकेतल्या दोन मित्रांनी १९९५ मध्ये खेळता खेळता काढला. एकाच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस लक्षात राहायला सोपा, म्हणून ती तारीख. २००२ मध्ये एका वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाने त्यावर लिहिलं आणि तो जगभर गेला. मुलांनी गंमत म्हणून जरूर लावावा. पण कान्होजींचं चित्र त्याखाली लावू नका. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. आपल्या पाण्यातून जहाज न्यायचं तर आपला दस्तक घ्या, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाने तसाच परवाना आधीपासून विकत होते. त्यांनी केलं की राज्यकारभार आणि कान्होजींनी केलं की चाचेगिरी, असं कसं? १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. ज्यांना हरवता येत नव्हतं त्यांनी चाचा म्हणायला सुरुवात केली. मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आज 'आयएनएस आंग्रे' आहे, तुमच्या त्या विद्यार्थ्याला हे सांगा.

हर्णैची पाखाडी

वरचा प्रतिसाद आमच्या घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सरांना नमस्कार.

बाई, नारळाचे दिवस दोन आहेत, दोन्ही लावा. २ सप्टेंबर ही आशिया-पॅसिफिकच्या नारळ पिकवणाऱ्या देशांच्या संघटनेच्या स्थापनेची तारीख, १९६९ ची. कार्यालय जकार्त्याला. २००९ पासून तो जागतिक नारळ दिन झाला. रत्नागिरीजवळ भाट्याला कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, सहल काढायची तर तिथे न्या.

आमचा नारळाचा दिवस म्हणजे नारळी पौर्णिमा. ती सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागचं काम माहीत नसतं. नारळ सोनेरी कागदात मढवून वाजतगाजत बंदरावर नेतात, पूजा होते, दर्याला सांगतात, आता शांत हो, आमची माणसं येताहेत. तोवर होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या. पावसाचे ते महिने मासळी अंडी घालते. आजोबांच्या वेळी कुणी कायदा दाखवत नव्हतं, पौर्णिमेआधी जाळं पाण्यात पडत नव्हतं, बस्स.

आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला यांत्रिक होड्या सुटतात. पौर्णिमा मात्र तिच्या तिथीने येते. २०२४ मध्ये १९ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला. म्हणजे कायद्याने दर्या उघडला त्यानंतर महिनाभराने आम्ही नारळ वाहिला. बंदी पौर्णिमेपर्यंत हवी, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी मागणी आहे आणि मला ती शंभर टक्के रास्त वाटते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वारा किती असतो ते बंदरावर उभं राहून बघावं.

मालवणात त्या दिवशी नारळ लढवायचा खेळ रंगतो. हातात नारळ धरून समोरच्याच्या नारळावर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला, फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बायकांच्याही स्पर्धा होतात. टणक नारळ निवडायला नजर लागते, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणारे असतात.

आचऱ्याचो

ताईनू, यादीत गावपळण नाय? असा कसा चलात? माका रवला नाय म्हणान लिवतंय. पोरांका समजूक व्हया, म्हणून पुढचं प्रमाण मराठीत.

मालवण तालुक्यातल्या आमच्या आचऱ्यात ठरावीक वर्षांनी अख्खा गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं बाहेर. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल झाला की दिवस ठरतो. हिंदू तर जातातच, गावातली मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबंही बाहेर पडतात. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे. वैभववाडी तालुक्यात शिराळ्याची गावपळण तर दरवर्षी असते. तिथली शाळासुद्धा तेवढे दिवस वेशीबाहेर झाडाखाली भरते.

उगम विचाराल तर जुनी माणसं सांगतात, गावात भुताखेतांचा त्रास वाढला होता, रामेश्वराने त्यांना ठरावीक दिवस गाव मोकळा करून देण्याचं वचन दिलं. दुसरे म्हणतात, साथीच्या रोगांच्या काळात गाव रिकामा करायची रीत पडली असावी. माझा भुतांवर विश्वास नाही, पण गावपळण मला हवी. कारण सांगतो. झावळ्यांच्या झोपड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. वर्षभर बांधाच्या हद्दीवरून तोंड फिरवणारे दोन भाऊ एकाच चुलीवरची पेज जेवतात, कारण चूलच एक असते. रात्री फुगड्या, भजनं, कुणी दशावतारातला राजा होऊन उभा राहतो. तीन रात्रींनंतर पुन्हा कौल लावायचा. देवाने होय म्हटलं तर गाव भरतो, नाहीतर मुक्काम वाढला.

तारीख नसलेला आणखी एक दिवस म्हणजे मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा. तिथीवर नाही, कौलावर ठरते. ती ठरली की मुंबईकर रेल्वेच्या तिकिटासाठी धावतात. देवीचा प्रसाद रांधणाऱ्या बायका त्या वेळात तोंडातून शब्द काढत नाहीत. इतक्या गर्दीत ती शांतता पाळणं सोपं नाही.

फळ्यावर तारखेची जागा रिकामी ठेवा आणि तिथे 'कौल होईल तेव्हा' असं लिहा.

बोटीवरचा_रत्नांग्रीकर

मर्चंट नेव्हीत आहे, बँकॉकला येणंजाणं असतं, म्हणून एक भर घालतो. १८ ऑगस्ट हा थायलंडमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिन आहे, आणि तोही त्याच १८६८ च्या ग्रहणामुळे! तिथला राजा मोंगकुट स्वतः गणित करायचा. खग्रास कुठून आणि किती वेळ दिसेल हे त्याने आधी वर्तवलं आणि वाह्-को नावाच्या दलदलीच्या किनाऱ्यावर फ्रेंच शास्त्रज्ञांना आणि इंग्रज गव्हर्नरला बोलावलं. गणित अचूक निघालं. पण तिथून परतल्यावर त्याला हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला तो वारला. एकाच सावलीवरून दोन देशांत दिवस साजरा होतो, हे मुलांना नकाशावर रेघ ओढून दाखवता येईल.

खाडीपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात वाचून दाखवलं. चिठ्ठ्या ठरल्या : १८ ऑगस्टला गुंटूर, लंडन आणि थायलंड, २२ जानेवारीला विजयदुर्ग. 'कौल होईल तेव्हा' ही चिठ्ठी मुलांनी सगळ्यात वर लावायची ठरवलीय. आंग्र्यांचा प्रश्न विचारणारा मुलगा दस्तकाचा नमुना स्वतः काढून आणणार आहे.

सर, एक विचारायचं होतं. पिवळी रेषा, पिवळी रेषा असं सगळे म्हणतात, पण मुलांनी ती कधी पाहिलेली नाही. शाळेत वर्णपटदर्शक नाही. काही करता येईल का?

गिर्येकर

येईल की! माझ्या वर्गात दरवर्षी व्हायचं.

बुटांचं रिकामं खोकं घ्या. एका अरुंद बाजूला उभी खाच कापा आणि तिच्यावर दाढीची दोन पाती अगदी जवळजवळ चिकटवा, मधून पातळ कागद जाईल एवढीच फट ठेवा. पाती तुम्ही स्वतः लावा, मुलांकडे देऊ नका. समोरच्या बाजूला आत जुनी सीडी तिरकी उभी करा, चकचकीत बाजू फटीकडे. सीडीच्या वर झाकणाला बोटभर भोक पाडा, तिथून खाली बघायचं. झाकणाच्या कडा काळ्या चिकटपट्टीने बंद करा, आत प्रकाश शिरता कामा नये. सीडीवरच्या बारीक वाटा प्रकाशाचे रंग वेगळे करतात.

आधी फट एलईडी दिव्याकडे धरा, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसेल. मग जुन्या ट्यूबलाइटकडे धरा, पट्ट्यात सुट्या चमकदार रेषा दिसतील. हा फरक मुलांनी स्वतः बोलून दाखवेपर्यंत थांबा. आणि खोकं सूर्याकडे कधीही धरायचं नाही, हे सुरुवातीलाच बजावा.

मग वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार करा. स्पिरिटचा दिवा पेटवा. लोखंडी तारेचं टोक ओलं करून मिठात बुडवा आणि ज्योतीत धरा. ज्योत पिवळीधमक होते. खोक्यातून पाहिलं की बाकी रंग जवळपास नाहीसे आणि एकच पिवळी रेषा उभी राहते. ती सोडियमची. मुलांना सांगा, हेलियमची रेषा हिच्या इतकी शेजारी आहे की आपल्या खोक्यात दोन्ही एकावर एक दिसतील. १८६८ मध्ये एवढे जाणते लोक का फसले, हे त्यांना डोळ्यांनी कळेल. खरी हेलियमची रेषा दाखवायची तर जवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा, हेलियम भरलेली काचनळी बऱ्याच ठिकाणी असते.

मीठ शिरोड्याच्या मिठागरातलं मिळालं तर उत्तम, जाडं असतं, कुटून घ्या. ऑगस्टात प्रयोग करणार असाल तर आदल्या दिवशी ते तव्यावर कोरडं भाजून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आपल्याकडच्या हवेत त्याला पाणी सुटतं, मग ज्योतीत नुसतं तडतडतं आणि उडतं.